रिठ्याचं पाणी

लोणंद
५ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षी,

हे पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड. तू फोन उचलत नाहीस, आणि तुझ्या आईच्या फोनवर केला तर ती "न्हायला गेलीया" म्हणते. दहा दिवसांत इतक्या वेळा कोणी न्हात नाही. म्हणून वही घेऊन बसले. तुझे मामा, आमचे मालक, फौजेत होते ती एकवीस वर्षं मी पत्रंच लिहीत होते, माझी आणि आळीतल्या आणखी चार बायकांची. तेव्हा सासूला पत्र जमायचं नाही असं समजू नकोस.

हळदीकुंकवाला जे झालं त्यात माझी चूक नव्हती असं मी म्हणत नाही. निम्मी होती. बायकांनी विचारलं, "सूनबाई डोक्यावरचा पदर का काढंना?" आणि मी बोलून गेले की डॉक्टरच्या औषधानं केस गेले, माझं तेल चालू असतं तर ही वेळ आली नसती. पण पुढं होऊन तुझा पदर सारणारी ती शेजारीण होती, मी नव्हते. "अगं बया, किती फोड!" असं ती सगळ्यांदेखत म्हणाली तेव्हा मी तिला वाण न देता परत पाठवलं. ते तू बघितलं नाहीस, कारण तू आत निघून गेली होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन सांगलीला. जाताना मामांच्या पाया पडलीस, माझ्या नाही. ठीक आहे.

तुझं कंपनीचं ओळखपत्र टीव्हीवर राहिलंय. शिरवळहून फोन आला होता. डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय पॅकिंगवर घेता येणार नाही, पण मे महिन्यापर्यंत जागा ठेवतो, असं साहेब म्हणाले. गोळ्या-औषधं भरायच्या जागी डोक्यात पू झालेलं माणूस चालायचं नाही, एवढं मलाही कळतं. मात्र आठ तास कंपनीची ती टोपी घालून उभं राहायचं म्हणजे डोकं उबणारच. मला तर मूळ दोष त्या टोपीचाच वाटतो.

तुझी औषधाची बाटली न्हाणीत राहिली होती. ती मी टाकून दिली, जुनी झाली होती. तिकडं नवी घे.

मामा जेवताना बोलत नाहीत. आधीही बोलायचे नाहीत, पण आता जास्तच बोलत नाहीत.

तुझी आत्या


लोणंद
१२ फेब्रुवारी

चि. साक्षी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं. आता तो मला बघून सायकलचा वेग वाढवतो.

काल यशराजचा जम्मूहून फोन आला. तू नवऱ्याशी तरी बोलतेस याचं बरं वाटलं. त्यानं सांगितलं की सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सातारच्या डॉक्टरांचे सगळे कागद बघितले. गोळ्या चालू असेपर्यंत फोड बसतात, गोळ्या थांबल्या की पंधरा दिवसांत पुन्हा उठतात. एक दिवसाआड डोकं धुवायचं ते तपकिरी औषध साडेचार महिने वापरूनही फरक नाही, म्हणजे ते लागू पडत नाही. म्हणून वीस तारखेपासून जड गोळ्या. दर महिन्याला रक्त तपासायचं, ओठ फुटणार, अंग कोरडं पडणार, आणि त्या चालू असेतो मूल होऊ द्यायचं नाही. हे सांगून तो म्हणाला, "आये, तिनं ठरिवलंय. तू मधी पडू नगंस."

मी मधे पडते आहे. नातवासाठी म्हणत नाही. बरं, थोडं नातवासाठीही म्हणते, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या अंगाला इतकं सोसवायचं नाही, तुला साध्या गोळ्यांनीसुद्धा जेवण जात नव्हतं ते मी बघितलंय.

घाई करू नकोस. त्या तपकिरी औषधाची नवी बाटली घे. स्वतः दुकानात जा, स्वतः झाकण उघड, आणि दोन महिने त्यानं डोकं धू. पाच मिनिटं फेस तसाच ठेवायचा, कंगवा आणि टॉवेल वेगळा, सगळं आधी करत होतीस तसंच. एवढं माझं ऐक. का, ते विचारू नकोस.

तुझी आत्या


लोणंद
१८ फेब्रुवारी, सकाळ

चि. साक्षी,

हे पत्र मामांच्या हाती देते आहे. पोस्टानं वीस तारखेच्या आत पोचेल याची खात्री नाही. त्यांनी विचारलं, "एवढं काय लिवतीयास?" मी म्हटलं, "बायकांचं हाय." तेवढ्यावर ते गाडीला निघायला तयार झाले. त्यांना यातलं काहीही ठाऊक नाही, त्यांच्यावर रागावू नकोस.

यशराजनं तुझा निरोप दिला. "आत्यांना सांगा, साडेचार महिने डोकं धुतलं मी त्या औषधानं. नुसतं पाणी हाय ते."

पाणीच होतं ते, साक्षी.

रिठा, शिकेकाई आणि आवळा उकळून गाळलेलं पाणी. गौरी गेल्यावर आठवड्यानं तू पहिली बाटली आणलीस. त्यातले तीन हिस्से मी मोरीत ओतले, एक हिस्सा वासापुरता ठेवला आणि वर माझं पाणी भरलं. रंग तसाच होता, फेसही येत होता. तू शिरवळच्या बसला गेलीस की मी ते काम करायची. पहिली बाटली, दुसरी, मग तिसरी. तू मोबाइलवर वेळ लावून पाच मिनिटं डोक्यावर फेस घेऊन बसायचीस आणि मी बाहेर तांदूळ निवडत असायची. तू उशीचे अभ्रे एक दिवसाआड गरम पाण्यात धुतलेस, नखं मुळापासून कापलीस, गजरा सोडलास, घट्ट वेणी सोडलीस. तरी सातारचे डॉक्टर विचारायचे, "औषध नीट वापरताय ना?" आणि तू घरी येऊन रडायचीस की मी सगळं करते तरी त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. ते ऐकून मी काय केलं? तुला चहा करून दिला.

का केलं ते लिहिते, पण कारण सांगितलं म्हणून सोडून दे असं म्हणत नाही. तू पहिल्यांदा त्या औषधानं डोकं धुतलंस तेव्हा मोरीच्या जाळीवर केसांचा हा एवढा बोळा निघाला. मला वाटलं, औषध केस खातंय. फोडांनी मुळं आधीच सैल झाली होती, ते केस जाणारच होते, हे डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलेलं मला परवा यशराजकडून कळलं. हे झालं एक कारण, चारचौघांत सांगण्यासारखं.

दुसरं कारण खरं आहे. लग्न होऊन आलीस तेव्हा पहिले सहा महिने तू माझ्याशी हो-नाहीच्या पुढं बोलली नाहीस. मग एका रविवारी मी तेल कोमट केलं, तुला पुढ्यात बसवलं आणि डोक्याला हात लावला, आणि तू बोलायला लागलीस. शाळेतलं, कंपनीतलं, तुझ्या वडिलांच्या हळदीच्या गोदामातलं. एकदा तर मुकादमाची नक्कल करून मला ठसका लागेपर्यंत हसवलंस. मला मुलगी नाही. तो तास मला आठवडाभर पुरायचा. डॉक्टर म्हणाले तेल बंद, तेलानं केसांची तोंडं बुजतात आणि आत जंतू वाढतात. त्या रविवारपासून तू खोलीचं दार लोटून झोपायला लागलीस. मला त्या बाटलीचा राग आला. तुझा नाही, डॉक्टरांचा नाही, त्या बाटलीचा.

हे पत्र डॉक्टरीणबाईंना दाखव. लाज माझी आहे, तुझी नाही. जड गोळ्या घ्यायच्याच असतील तर घे, पण आधीचं औषध लागू पडलं नाही म्हणून घेऊ नकोस. ते तुझ्या डोक्याला धड लागलंच नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं की बाटली जुनी झाली म्हणून टाकली. तेही खोटं. कोणी हुंगून बघेल म्हणून टाकली.

लीला


सांगली
२० फेब्रुवारी

सौ. लीलाबाई यांस,

मामा दारात उभे होते तेव्हाच तुमचं पत्र वाचलं. त्यांनी विचारलं, "काय गं पोरी, काय झालं?" मी त्यांचं ताट वाढलं. ते जेवले, पप्पांबरोबर गोदाम बघून आले आणि परतीच्या गाडीला गेले.

दोन दिवस मी पत्र फाडायचं की तुम्हाला फोन करून वाट्टेल ते बोलायचं, एवढाच विचार करत होते. तुम्ही तांदूळ निवडत होता हे वाचून सगळ्यात जास्त राग आला. साडेचार महिने मी स्वतःलाच दोष देत होते. माझंच रक्त खराब, माझंच काहीतरी चुकतंय. आरशात बघायचं सोडलं होतं मी.

आज डॉक्टरांना पत्र दाखवलं. त्यांनी ते शांतपणे पूर्ण वाचलं. म्हणाल्या, "घरचे लोक असलं बरंच काही करतात. लिहून कबूल केलेलं मी पहिल्यांदाच बघते." फोडातला पू तपासायला घेतला आहे. जड गोळ्या सध्या नाहीत. आधी हेच औषध, खरंखुरं, आठ आठवडे. सोबत साध्या गोळ्यांचा एक कोर्स. सतरा एप्रिलला बघून ठरवणार आहेत. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की हा आजार पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. मुळासकट जाईल असं त्या म्हणत नाहीत, पण ताब्यात राहतो, मधुमेह ताब्यात ठेवतात तसा.

आता कामाचं. मला डोक्याची मागची बाजू दिसत नाही. आईला दाखवलं की ती "लय छान हाय गं, काय न्हाई आता" म्हणते आणि डोळे पुसते. पप्पा बघतच नाहीत. दर रविवारी मी मामांच्या फोनवर फोटो पाठवीन. फोड किती, ओले किती, सुके किती, नवे किती, ते मोजून मला लिहून पाठवा. फोनवर नको, फोनवर मला तुमचा आवाज ऐकायचा नाही. मला बरं वाटावं म्हणून एक जरी कमी लिहिलात तर तुमचं माझं संपलं. तुम्हीच का, असं तुम्हाला वाटेल. माझ्या डोक्याकडे तुमच्याइतकं कोणी बघितलेलं नाही, म्हणून.

यशराजना मी हे सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. कधी, ते तुम्हीच ठरवा.

साक्षी


लोणंद
२३ फेब्रुवारी

चि. साक्षी,

एकवीस.

ओले अकरा, खपली धरलेले दहा. नवे किती ते आज सांगता येत नाही, पुढच्या रविवारपासून सांगीन. मामांनी फोटो आधी उलटा धरला आणि "ह्यो कुठल्या रानाचा नकाशा?" म्हणून विचारलं. मी फोन हिसकावून घेतला आणि भिंगानं बघितलं, तांदळातले खडे बघायला घेते त्या भिंगानं.

मधोमध रुपयाएवढी जागा गुळगुळीत आहे. तिथं केसाचं तोंडच दिसत नाही. ती जागा मी दसऱ्याच्या सुमारास, तू झोपली होतीस तेव्हा बघितली होती. तेव्हा बोलले नाही, आज लिहिते आहे. तुझ्या आईनं सांगितलं नसेल तर तिच्यावर चिडू नकोस.

तुझ्या पत्रातलं सगळं वाचलं.

लीला


लोणंद
१६ मार्च

चि. साक्षी,

चौदा. ओले पाच, सुके नऊ, नवे दोन. मागच्या रविवारी सोळा होते.

कॅलेंडरवर दर रविवारच्या चौकोनात मी आकडा मांडते. मामा मागच्या रविवारी म्हणाले, "मटका खेळतीस का काय?" तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. चहाचा कप खाली ठेवून ते गावात निघून गेले, दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी आले आणि एवढंच म्हणाले, "आता कितीवर हाय?" मी म्हटलं, सोळा. "दहाच्या खाली आलं की सांग," म्हणाले. आता ते रविवारी सकाळपासून फोन हातातून सोडत नाहीत.

यशराजला अजून सांगितलं नाही. माझ्याच्यानं होत नाही.

गुळगुळीत जागा तेवढीच आहे. वाढलेली नाही, पण फोटोत नीट दिसत नाही.

लीला


लोणंद
६ एप्रिल

चि. साक्षी,

तेरा.

मागच्या रविवारी नऊ होते. मामांनी त्या दिवशी पेढे आणले होते. आज फोटो आला आणि मी तीनदा मोजले. तेरा. नवे पाच, सगळे मानेच्या वरच्या ओळीत, एकाला पिवळं तोंड आहे.

खरं सांगते, मी कागदावर नऊच लिहिणार होते. पेन टेकवलं होतं. सतरा तारीख अकरा दिवसांवर आली आहे, तू खचशील, औषध सोडशील, असं सगळं डोक्यात आलं. मग आठवलं की असंच सगळं तेव्हाही डोक्यात आलं होतं. म्हणून तेरा.

तुझ्या वडिलांनी मामांना फोनवर सांगितलं की तू रोज त्यांचा डबा घेऊन भर उन्हात स्कूटरवर गोदामात जातेस. हेल्मेट घालून. पाच नवे फोड बरोबर हेल्मेटच्या कडेला आहेत. मी तुझ्या वडिलांकडूनच नंबर घेऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्हीच का त्या?" मी म्हटलं, "व्हय, मीच त्या." त्या हसल्या. म्हणाल्या, हेल्मेट काढायचं नाही, पण आत पातळ सुती रुमाल बांधायचा, तो रोज धुवायचा, घाम आल्यावर डोकं तसंच ठेवायचं नाही. आणि फोड वाढले म्हणून औषध थांबवायचं नाही. कमी-जास्त होतच राहणार.

दोन रुमाल शिवून पाठवते आहे. जुन्या धोतराचे आहेत, मऊ. उकळून, उन्हात वाळवून मग पाकिटात घातलेत. तुझा माझ्यावर विश्वास नसणार, म्हणून तूही एकदा उकळून घे.

लीला


लोणंद
२७ एप्रिल

चि. यशराज,

आईचं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. तुला फोनवर सांगण्याचं धाडस झालं नाही म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी साक्षीच्या डोक्याचं औषध लागू पडलं नाही, असं तू मला फोनवर सांगितलंस. ते लागू पडलं नाही कारण मी ते मोरीत ओतून बाटलीत रिठ्याचं पाणी भरत होते. साडेचार महिने. हे तिला फेब्रुवारीत लिहून कळवलं, अप्पांना मार्चमध्ये सांगितलं. तुला सांगायला सगळ्यात उशीर झाला, कारण तुझ्या तोंडून काय ऐकावं लागेल याची सगळ्यात जास्त भीती वाटली. तिनं तुझ्यापाशी माझी चुगली केली नाही. तिच्या जागी मी असते तर त्याच दिवशी केली असती.

सतरा तारखेला डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तेराचे पुन्हा आठ झाले होते. जड गोळ्यांची गरज नाही म्हणाल्या. औषधानं डोकं धुणं मात्र चालूच राहील, आता आठवड्यातून दोनदा, आणि पुढं कितीही दिवस. मधली गुळगुळीत जागा तशीच राहणार, तिथं केस येणार नाहीत. बाकी वाचले. कंपनीला दाखला मिळाला, पाच मेपासून तिला कामावर घेताहेत. जाड टोपीऐवजी जाळीची टोपी द्यायला साहेब तयार झालेत. तिनं स्वतः फोन करून भांडून मिळवली, असं तिचे वडील सांगत होते.

आज रविवार. सकाळी फोटो आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. अप्पा फोन घेऊन ओट्यावर आणि मी त्यांच्या मागं. मला वाटलं, झालं, आता हेही संपलं. कामावर जायचं म्हणून ती शिरवळलाच खोली घेईल आणि आपल्याला कळवणारही नाही. बाराच्या सुमाराला स्टेशनकडून रिक्षा आली आणि दारात थांबली.

ती उतरली. तोंडावर तेज आहे रे तिच्या. अप्पांच्या पाया पडली, मला नुसतं "बऱ्या आहात ना?" म्हणाली. आत गेली, बॅगेतून औषधाची बाटली काढली, तुमच्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि माझ्यादेखत कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. अजून बरेच दिवस ते कुलूप राहील, आणि राहायलाच पाहिजे.

तुला माझ्यावर जेवढं रागवायचं तेवढं रागव. लिहून रागव, म्हणजे मला पुन्हा पुन्हा वाचता येईल. मी उलट उत्तर देणार नाही.

पण हे एवढं मात्र सांगू दे. जेवणं झाल्यावर तिनं अंगणात, उजेडात स्टूल ओढलं, माझ्याकडं पाठ करून बसली आणि केस सोडले. म्हणाली, "फोटोत नीट दिसत न्हाई म्हणत होता ना? आता बघा." मी चार पावलांवर उभी. आयुष्यात मी कोणाच्या डोक्याला हात लावताना विचारलेलं नाही, तुझ्या नाही, तुझ्या अप्पांच्याही नाही. मी विचारलं, "हात लावू?"

ती वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "आधी हात धुवून या, आत्या. साबणानं."

यशराज, मी रडत होते म्हणून जरा वेळ लागला. दोनदा साबण लावला, कोपरापर्यंत धुतले, आणि तिच्याजवळ गेले.

तुझी आई